सासूबाईंची स्वच्छ गाणी

काचेच्या बाटलीतला बुडबुडा शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने गाण्याच्या वाटेला जाऊ नये. असा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहिलेला असता तरी तपासनीसांनी तो मानला नसता, कारण त्यांच्या मते नियम दुसऱ्यांनी पाळायचे असतात आणि ते पाळले जातात की नाही, एवढं आपण बघायचं असतं.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. काचकारखान्यात पट्ट्यावरून सरकणारी बाटली उचलून दिव्यासमोर धरायची, आत हवेचा ठिपका दिसला की ती बाजूला फेकायची, हे त्यांचं काम. पुढे इमारतीतही सगळे त्यांना तपासनीसच म्हणू लागले. सवय अशी अंगवळणी पडलेली की, पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी ते उजेडात धरत. दुसऱ्यांच्या घरीही धरत. त्यामुळे त्यांना बहुतेक ठिकाणी सरबतसुद्धा कपातून मिळे.

आणि अशा माणसाच्या नशिबी सासूबाई आल्या त्या गाणाऱ्या. गाणंही सरळ नव्हे, ज्याला इंग्रजीत सोल म्हणतात ते. सुरुवातीला विनवणी, मध्ये भांडण आणि शेवटी कोणीतरी कोणालातरी सगळं माफ करून टाकल्यासारखं. सासूबाई आपल्या वादकांचा ताफा घेऊन हॉटेलांच्या सभागृहांत, क्लबांत आणि रेडिओवर जन्मभर तेच गायल्या. तपासनीसांनी लग्नाआधी त्यांना पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा गाणं ऐन रंगात आलेलं असताना ते पाण्याचा पेला घेऊन स्टेजकडे धावले होते. त्यांना वाटलं, बाईंना काहीतरी होतंय. त्या दिवशी सासूबाई लेकीला म्हणाल्या, "मुलगा सोन्यासारखा आहे. फक्त कानाने गरीब आहे."

हे वाक्य तपासनीसांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. केस पांढरे झाले तरी निघालं नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून त्या लेकीकडेच राहायला आल्या. जे काही बोलायचं ते कुजबुजून, आणि कोणाला हाक मारायची तर चमच्याने कपाच्या काठावर टकटक. गाण्याचं नाव त्यांनी काढलं नाही. घरात कोणी रेडिओ लावला की त्या उठून गॅलरीत जात आणि कुंड्यांना पाणी घालत. पाणी जास्त होऊन झाडं कुजायला लागली, तेव्हा बायकोने रेडिओच कपाटावर ठेवून दिला.

सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला आणि तपासनीसांना एक कल्पना सुचली. स्वयंपाकघरात बायकोच्या मागे उभं राहून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी काय म्हणतो, आईंच्या गाण्यांचा एक आल्बम काढू. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. निवडक. त्यांना न सांगता."

बायको पोळपाट सोडून वळली. "तुम्ही?"

या एका शब्दात काय काय भरलेलं होतं, ते संसारी माणसाला समजावून सांगायला नको. "का? मी का नको?" तपासनीस दुखावले.

"नको असं नाही. पण अहो, तिच्याकडे आता तेवढंच उरलंय. स्वतःचा आवाज तिला आता फक्त फितीवरूनच ऐकता येणार. त्यात काही बिघडलं तर मी काय तोंड दाखवू तिला?"

"अगं, बिघडलेलं शोधण्याचाच तर मी पगार घेतो," तपासनीस म्हणाले. पुढे पुष्कळ दिवस हे वाक्य त्यांना घास गिळताना आठवत असे.

सासूबाईंची गाणी मिळण्याचं ठिकाण एकच, रेडिओचं जुनं संग्रहालय. तिथल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाणाऱ्या बाईंची लेखी संमती आणा."

"पण त्यांना कळू द्यायचं नाहीये."

"मग मृत्यूचा दाखला आणा. दोन्हीपैकी एक लागेल."

"अहो, त्या ठणठणीत आहेत."

"तसं असेल तर पहिलाच मार्ग सोयीचा," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे बघू लागला.

तपासनीस घरी येताना रस्ताभर विचार करत होते. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे बोलले ते फार मोठं बोलले. सासूबाईंसमोर कोरा कागद धरून म्हणाले, "आई, आमच्या साहेबांना तुमची सही हवी आहे. तुमचे फार जुने चाहते आहेत."

सासूबाईंनी चष्मा लावला. दोन वर्षांत त्यांच्याकडे कोणी सही मागितली नव्हती. कागदाच्या बरोबर मधोमध, सगळी जागा व्यापून त्यांनी ती केली आणि खाली लिहिलं, "सप्रेम." मग कुजबुजल्या, "साहेबांना कोणतं गाणं आवडतं?"

"सगळीच," तपासनीस म्हणाले. साहेबांना गाण्यातलं काय आवडतं, हे साहेबांनाही माहीत नव्हतं.

"मग वाढदिवसाला बोलवा त्यांना."

झालं. आता आल्बमबरोबर एक चाहताही तयार करणं आलं. 

सहीच्या वरच्या चिंचोळ्या जागेत त्यांनी मुंगीच्या अक्षरात अर्ज लिहून काढला. कारकुनाने तो भिंगाखाली वाचला. "सरकारी कागदावर सप्रेम चालत नाही," तो म्हणाला. तपासनीसांचा चेहरा उतरला. कारकुनाने तो चेहरा पाहिला, पुन्हा सही पाहिली, आणि 'सप्रेम' वर शिक्का अशा बेताने मारला की तो शब्द झाकला जाईल. मग बजावलं, "फिती फार जुन्या आहेत. नक्कल करताना एकदा वाजतील, दुसऱ्यांदा वाजण्याची हमी नाही. जपून न्या."

नक्कल घेऊन तपासनीस स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने त्यांच्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले, आणि जन्मात पहिल्यांदाच तपासनीसांनी सासूबाईंचं गाणं इतक्या जवळून ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, दिव्यासमोर धरलं. आणि त्यांना जे दिसलं त्याने त्यांचं धाबं दणाणलं. जागोजागी बुडबुडे. प्रत्येक ओळीआधी श्वास ओढल्याचा आवाज. ओळ संपली की उसासा. कुठे हुंकार, कुठे घशात अडकलेला हुंदका, एका ठिकाणी तर चक्क गाता गाता हसल्या होत्या. कारखान्यात असा माल आला असता तर तपासनीसांनी पट्टाच थांबवला असता.

तरीही ते एकदम काही करणार नव्हते. त्यांनी चार लोकांचा सल्ला घ्यायचं ठरवलं, आणि घात झाला तो तिथे. चार लोकांचा सल्ला ही अशी वस्तू आहे की ती मागितली नाही तर फुकट मिळते आणि मागितली तर फार महाग पडते.

वरच्या मजल्यावर निवृत्त डॉक्टर राहत. ते घोड्यांचे डॉक्टर होते, पण घसा तो घसा असं त्यांचं मत होतं. तपासनीसांनी त्यांना एक गाणं ऐकवलं. डॉक्टर डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "श्वास लागतोय. तेव्हाच दाखवायला हवं होतं. लोक गाणं ऐकणार नाहीत हो, दुखणं ऐकतील. माझ्याकडे एक घोडी होती..." पुढची हकिगत लांब होती आणि तिचा शेवट चांगला नव्हता.

समोरच्या दारातल्या वहिनींना वेगळीच काळजी. गाणं अर्ध्यावर आल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी आधी खिडकी लावून घेतली. "भावजी, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आवाज गोडच आहे. पण मध्ये मध्ये ते जे... म्हणजे ते उसासे हो. माझे सासरे येणार आहेत वाढदिवसाला. चार माणसांत बरं दिसत नाही."

तपासनीस कानापर्यंत लाल झाले. ही बाजू त्यांच्या लक्षातच आली नव्हती. आता एकदा लक्षात आल्यावर त्यांना दुसरं काही ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत गेले आणि म्हणाले, "साफ करून द्या."

"खरखर काढू?"

"खरखर काढा. श्वास काढा. उसासे, हुंकार, हसणं, रडणं, सगळं काढा. फक्त गाणं ठेवा."

स्टुडिओवाल्याने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. पण गिऱ्हाईक हा देव असतो, आणि देवाशी कोण वाद घालणार. हल्लीची यंत्रं गळा वेगळा काढतात, वाद्यं वेगळी काढतात, पाहिजे ते खोडतात आणि पुन्हा जोडून देतात. तपासनीस शेजारी बसून एकेक बुडबुडा टिपत गेले. इतकं समाधान त्यांना कारखान्यात कधी मिळालं नव्हतं. काम संपल्यावर स्टुडिओवाल्याने विचारलं, "मूळ ठेवू का?"

"नको," तपासनीस ठामपणे म्हणाले. "एका मालाच्या दोन प्रती ठेवल्या की चुकीची बाहेर जाते. हा अनुभव आहे माझा."

घरी सीडी वाजवायचं जुनं यंत्र होतं, म्हणून सीड्याच काढल्या. छान खोकी आली. वर सासूबाईंचा तरुणपणीचा फोटो, निळा पोशाख, हातात माईक. सासूबाई दुपारच्या झोपल्या आहेत असं पाहून तपासनीसांनी बायकोला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सीडी लावली.

बायको कानात प्राण आणून ऐकत होती. एक गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला तिने यंत्र बंद केलं.

"ही कोण?"

"कोण म्हणजे? आई."

"ही आई नाही. ही स्टेशनवर गाड्या सांगणारी बाई आहे." तिने खोकं उचललं. "ती हसायची त्या ओळीवर. लहानपणी मी त्या हसण्याची वाट बघायची. कुठे गेलं ते?"

"ते... काढलं. शुद्ध केलं जरा."

"काय केलं?"

तपासनीसांनी सगळं सांगितलं. घोडीचंही सांगितलं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि खोक्यावरच्या फोटोवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "जाऊन ते परत आणा. कसंही करून आणा."

 तपासनीस स्टुडिओत धावले. "खोडलं," स्टुडिओवाला म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत. अनुभवही सांगितलात." तिथून संग्रहालयात. कारकुनाने आतून एक डबा आणून समोर ठेवला आणि झाकण उघडलं. फितीचा तपकिरी भुगा झाला होता. "एकदाच वाजेल म्हटलं होतं," तो म्हणाला. तपासनीस त्या डब्याकडे बघत उभे राहिले. एका बाईचा सगळा जन्म त्या भुग्यात होता, आणि उरलेला आपण धुऊन टाकला. त्यांना खरंच रडू आलं. कारकुनाने त्यांना पाणी दिलं. पेला उजेडात न धरता त्यांनी ते पिऊन टाकलं.

बुडत्याला काडीचा आधार. तपासनीसांच्या डोक्यात आलं की, काढलेले श्वास परत घालता येतील. श्वास काय, सगळ्यांचे सारखेच. गच्चीवर टाकीच्या आडोशाला मोबाईल समोर ठेवून ते बसले आणि एकेक श्वास ओढून भरू लागले. मग उसासे घेतले. मग हुंदका घेऊन पाहिला. तो इतका खरा निघाला की पाठोपाठ आणखी तीन आपोआप आले. एवढ्यात जिन्यावरून डॉक्टर धावत वर आले, हातात त्यांची जुनी बॅग. "आडवे व्हा," ते म्हणाले. ती बॅग घोड्यांच्या मापाची होती, आणि आतली सुईही त्याच मापाची. तपासनीस टाकीला तीन प्रदक्षिणा घालून कसेबसे निसटले.

घरी येऊन त्यांनी ते ध्वनिमुद्रण बायकोला ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, हे तिचे उपकारच. "पंप बिघडलाय कुठला तरी," ती म्हणाली.

"मग रद्द करू. आल्बमच नाही म्हणू."

बायकोने बोट दाखवलं. सासूबाईंच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत त्या आरशासमोर उभ्या होत्या आणि खोक्यावरच्या फोटोतला तोच निळा पोशाख अंगाला लावून पाहत होत्या. साहेब येणार होते ना. जुना चाहता म्हणजे गाण्याची गोष्ट निघणारच, एवढं त्यांनी ताडलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या आज कुंड्यांकडे फिरकल्या नव्हत्या. आता गाणीच नाहीत म्हणून सांगणार कोण, आणि कोणत्या तोंडाने.

वाढदिवसाच्या संध्याकाळी पुढची खोली माणसांनी भरली. डॉक्टर आले, वहिनी सासऱ्यांना घेऊन आल्या. साहेबही आले. हाताखालचा माणूस रडकुंडीला येऊन आमंत्रण का देतोय, हे त्यांना कळलं नव्हतं, पण माणूस भला. सासूबाई निळ्या पोशाखात मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. साहेबांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि तपासनीसांनी पढवल्याप्रमाणे म्हणाले, "सगळीच आवडतात." सासूबाई खुलल्या. तपासनीसांच्या हातात खोकं होतं.

"लावा," बायको हळूच म्हणाली. "आता जे होईल ते होईल."

पहिलं गाणं सुरू झालं. स्वच्छ, गुळगुळीत, निर्जीव. साहेब अदबीने मान हलवत होते, ती चुकीच्या ठिकाणी हलत होती. वहिनींच्या सासऱ्यांचा डोळा लागत चालला होता. तपासनीस मात्र एकाच ठिकाणी बघत होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग तो थबकला. कपाळावर आठी पडली. ओळखीच्या घरात जावं आणि फर्निचर हलवलेलं असावं, तशा त्या आवाजात काहीतरी चाचपत होत्या. ओळ संपली. पुढची सुरू होण्याआधी वाद्यं तेवढी वाजत राहिली, आणि तिथे काहीच नव्हतं. सासूबाईंनी डोळे उघडून जावयाकडे पाहिलं. तपासनीसांनी मान खाली घातली. आता टकटक होईल, त्या उठतील आणि गॅलरीत जातील, आणि पुन्हा कधी त्या खुर्चीत बसणार नाहीत, असं त्यांना वाटलं.

पुढची रिकामी जागा आली. आणि त्या जागेत कोणीतरी श्वास घेतला.

तपासनीसांनी वर पाहिलं. सासूबाईंनी डोळे मिटले होते. ऑपरेशनने त्यांचा आवाज नेला होता, पण श्वास कोणी नेला नव्हता. ओळ संपली आणि त्यांनी उसासा सोडला, बरोबर तिथे, तेवढाच. पुढच्या ओळीआधी हुंकार. सीडीतला तरुण गळा गात होता आणि खुर्चीतली म्हातारी बाई त्यात जीव घालत होती. साहेबांची मान थांबली. वहिनींचे सासरे जागे होऊन ताठ बसले. वहिनी खिडकी लावायला उठल्या, आणि खिडकीचं दार हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

हसण्याची ओळ आली. बायकोने तपासनीसांचा दंड घट्ट धरला. सासूबाई हसल्या. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसती हवा होती, पण ते तेच हसणं होतं. बायको रडत होती आणि हसतही होती, आणि तपासनीसांच्या दंडावर नखं उमटत होती.

शेवटचं गाणं सासूबाईंच्या उतरत्या वयातलं. अखेरच्या ओळीआधी तिथे वाद्यंही थांबतात. पूर्वी त्या जागी एक लांब श्वास होता. तपासनीसांनी तो स्वतः मोठ्या अभिमानाने खोडून घेतला होता. खोली चिडीचूप झाली. सासूबाईंनी श्वास घ्यायला सुरुवात केली आणि त्या घेतच राहिल्या. जणू ऑपरेशनचे दिवस, मुकी दोन वर्षं, कुंड्या, सगळं त्यात ओढून घेत होत्या. आता ओळ चुकते की काय या धास्तीने तपासनीसांचा स्वतःचा श्वास अडकला. आणि जिथे श्वास संपला, नेमकी तिथेच सीडीतून ओळ उचलली गेली.

कोणी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "श्वास उत्तम आहे." मग सगळ्यांनीच वाजवल्या. साहेब रुमालात नाक शिंकरत होते. ते आता खरोखरच चाहते झाले होते.

माणसं पांगल्यावर कपावर टकटक झाली. तपासनीस जाऊन सासूबाईंसमोर उभे राहिले. माणूस प्रामाणिक, त्यांना राहवेना. "आई, एक सांगायचंय. ते श्वास मी मुद्दाम... म्हणजे तुमच्यासाठी जागा सोडायची म्हणून नव्हे हो, ते मी..."

सासूबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "माहीत आहे," त्या कुजबुजल्या. "तुम्हाला एवढं सुचणार नाही."

 तपासनीसांनी हात काढून घेतला नाही आणि सासूबाईंनीही सोडला नाही. थोड्या वेळाने त्यांनी बोटाने आणखी जवळ बोलावलं. तपासनीस कान त्यांच्या तोंडाशी नेऊन वाकले.

"दुसऱ्या गाण्यात, तिसऱ्या ओळीआधी, एक श्वास राहिलाय. मी घ्यायला गेले तर तिथे आधीच कोणीतरी बसलेलं. तेवढा काढून आणा. तिथेही मीच घेणार."

तपासनीसांना त्यांच्या उभ्या नोकरीत कोणी असं काही ऐकवलं नव्हतं. एक बुडबुडा सुटला होता, आणि तो सासूबाईंनी धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडण्याआधीच ते दारात हजर झाले. दुसऱ्या गाण्याची तिसरी ओळ शोधून स्टुडिओवाल्याने तो श्वास खोडला आणि यावेळी जरा भीतभीतच विचारलं, "आजचं मूळ तरी ठेवू का?"

"नको," तपासनीस म्हणाले. "मूळ आमच्या घरी आहे."